माईक लावलाय पण आवाज जात नाही? आधी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वायरवाला कॉलर माईक आणलाय, मोबाइलला लावून रेकॉर्डिंग केलं तर आवाज आला, पण तोच माईक लॅपटॉपच्या गोल जॅकमध्ये घातला की मीटिंगमध्ये समोरच्यांना काहीच ऐकू जात नाही. ड्रायव्हर काढून परत टाकून झालाय, आता विंडोज फॉरमॅट मारायच्या तयारीत आहात आणि विचारताय की माईकच गेलाय का.

फॉरमॅट मारू नका. तुमच्या वर्णनावरून दोष माईकमध्येही नसावा आणि विंडोजमध्येही नसावा असं मला वाटतंय, पण ते खात्रीनं सांगायला एकदोन गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील, त्या कशा बघायच्या ते सांगतो.

मी साउंडचं काम करतो, रेकॉर्डिंग, कार्यक्रम, ऑनलाइन क्लासेसचे सेटअप, सगळंच, आणि "माईक चालत नाही" हे वाक्य कानावर आलं की मी एकच गोष्ट विचारतो, आवाज कुठपर्यंत पोचतोय? कारण तुमच्या तोंडापासून समोरच्याच्या कानापर्यंत बरेच टप्पे आहेत. माईकची कॅप्सूल (आवाज पकडणारा मुख्य भाग), वायर, पिन, लॅपटॉपचा जॅक, आतली साउंड चिप, मग विंडोज, मग मीटिंगचं अ‍ॅप, मग इंटरनेट, मग त्यांचा स्पीकर. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी अडलं तरी लक्षण एकच दिसतं, ऐकू येत नाही. म्हणून लोक सगळीकडे थोडं थोडं बदलत बसतात, एकदा ड्रायव्हर, एकदा केबल, एकदा अ‍ॅप, आणि शेवटी चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, पुढच्या आठवड्यात परत तेच. त्यापेक्षा मधे कुठेतरी उभं राहून बघायचं की आवाज इथपर्यंत आलाय का. आला असेल तर मागचं सगळं ठीक आहे, तिकडे हात लावायचा नाही. आला नसेल तर पुढचं बघण्यात अर्थ नाही. आणि हे बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे विंडोजमधलं इनपुटचं मीटर, म्हणजे माईकमध्ये आवाज आला की हलणारी पट्टी, त्याकडे येतोच.

पण त्याआधी तुमचा जो पुरावा आहे ना, "मोबाइलवर चालतो", तो तपासून घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय कारण यात फसणारे खूप बघितलेत. मोबाइलला बाहेरचा माईक ओळखता आला नाही तर तो काही सांगत नाही, गुपचूप स्वतःच्या आतल्या माईकवरून रेकॉर्ड करतो. तुम्हाला वाटतं कॉलर माईक चालला, प्रत्यक्षात फोनचाच माईक तुमचा आवाज घेत असतो. टेस्ट सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करा, काही बोलू नका, कॉलर माईकच्या जाळीवर नखानं हलकं घासा, मग थोडं थांबून फोनच्या खालच्या कडेला जिथे बारीक छिद्र असतं तिथे घासा. ऐकून बघा, खरखर कुठली मोठी आलीये? जो माईक खरंच चालू आहे त्याची खरखर एकदम जोरात आणि जवळून येते, दुसरी जेमतेम. हीच टेस्ट लॅपटॉपवरही करता येते आणि मी स्वतः प्रत्येक सेटअपला पहिली हीच करतो, बोलून बघण्यापेक्षा जास्त भरवशाची आहे कारण बोललेलं जवळपासचे सगळेच माईक पकडतात.

आता पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा (काहींवर पांढऱ्या किंवा रंगीत असतात). दोन रेघा असतील तर पिनचे तीन भाग, तीन रेघा असतील तर चार भाग. बहुतेक केसेस इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोबाइलच्या चार भागांच्या पिनेत टोकाला डाव्या कानाचा आवाज, मग उजव्या कानाचा, मग ग्राउंड (सगळ्यांची परतीची सामाईक तार) आणि अगदी मुळाशी, वायरीच्या बाजूला, माईक. हल्ली बहुतेक फोन आणि एकच गोल जॅक असलेले लॅपटॉप याच क्रमानं चालतात. तीन भागांचा माईक मात्र कॅमेऱ्याच्या हिशोबानं बनवलेला असतो, त्यात माईक टोकाला असतो आणि मुळाशी ग्राउंड. म्हणजे तो मोबाइलला किंवा एका जॅकच्या लॅपटॉपला लावला तर जिथे त्यांना माईक हवाय तिथे ग्राउंड मिळतो, त्यांना वाटतं की साधा हेडफोन लावलाय आणि ते आपलाच आतला माईक वापरत राहतात. माईक एकदम ठणठणीत, जॅक ठणठणीत, ड्रायव्हर ठणठणीत आणि तरी कॉलर माईकचा आवाज शून्य. विंडोज दहा वेळा टाकलं तरी पिनवरच्या रेघा बदलणार नाहीत.

उलटंही होतं. जुन्या लॅपटॉपला किंवा डेस्कटॉपला दोन वेगळे जॅक असतात, हिरवा हेडफोनचा आणि गुलाबी माईकचा. त्या गुलाबी जॅकला तीन भागांची पिन लागते, त्यात मोबाइलची चार भागांची पिन घातली तर बहुतेक वेळा काही होत नाही. तुमचा माईक मोबाइलवर खरंच चालत असेल (नखाची टेस्ट करून!) आणि लॅपटॉपला दोन जॅक असतील तर माझ्या मते तुमचं उत्तर हेच आहे, तुम्हाला एक छोटी वाय केबल लागेल, एका टोकाला चार भागांची पिन घालायची जागा आणि दुसऱ्या बाजूला माईक आणि हेडफोनच्या दोन वेगळ्या पिना. मात्र घेताना दिशा नीट बघा, कारण दिसायला सेम टू सेम पण उलट कामाच्या केबली मिळतात, दोन सुटे माईक-हेडफोन एका जॅकमध्ये घालणाऱ्या.

अजून एक, काही कॉलर माईकच्या वायरीवर एक छोटी लांबट डबी असते. असेल तर तिच्यावरचा स्विच बघा. एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा असं काहीतरी लिहिलेलं किंवा चित्र असतं. फोनच्या बाजूला असताना माईकला लागणारी वीज फोनकडून येते, ते दोनतीन व्होल्ट जॅकमधूनच मिळतात. कॅमेऱ्याच्या बाजूला केला की माईक स्वतःच्या बटन सेलवर चालतो, दीड व्होल्टचा सेल आत असतो आणि तो नवीन माईकमध्येही कधी उतरलेला असतो किंवा त्यावरचा प्लास्टिकचा कागद काढलेला नसतो. लॅपटॉपला लावताना दोन्ही बाजूंना स्विच करून बघा, लॅपटॉप किती वीज देतो त्यावर अवलंबून आहे त्यामुळे आधीच ठामपणे सांगता येत नाही.

एकच जॅक असेल तर पिन घातल्यावर स्क्रीनवर एखादी खिडकी येते का बघा, कुठलं उपकरण लावलंत असं विचारणारी. घाईत लोक हेडफोन निवडून बंद करतात आणि लॅपटॉप मग माईक शोधतच नाही. तिथे हेडसेट किंवा माईक निवडायचं. काही लॅपटॉप तर जॅकमध्ये हेडफोनचा भार दिसला नाही तर चार भागांच्या पिनेलाही ओळखत नाहीत, आणि नुसत्या कॉलर माईकमध्ये हेडफोन नसतोच, तिथे एखादं छोटं यूएसबी साउंड कार्ड कामाला येतं. आणि पिन पूर्ण आत गेलीये ना ते दाबून बघा, लॅपटॉपला जाड कव्हर असेल तर अर्धा मिलिमीटर बाहेर राहते आणि आवाज अडायला तेवढंही पुरतं.

आता मीटर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जा, खाली इनपुट दिसेल. तिथे किती माईक दिसतायत ते आधी वाचा. लॅपटॉपचा आतला, वेबकॅमचा, ब्लूटूथचा, कधी एखाद्या सॉफ्टवेअरनं बनवलेला खोटा माईक, असे तीनचार निघतात आणि निवडलेला भलताच असतो. जॅकवाला निवडा, नखानं घासा आणि मीटर हलतंय का बघा. यादीत जॅकवाला माईक दिसतच नसेल तर साउंडचं जुनं पॅनेल उघडा, त्यात रेकॉर्डिंगचा टॅब आहे, मोकळ्या जागेत राइट क्लिक करून डिसेबल केलेली उपकरणं दाखवा म्हणायचं, कधी तो तिथे बंद होऊन पडलेला सापडतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स बघा, शून्यावर किंवा म्यूटवर नाही ना. त्याच फेरीत प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मायक्रोफोन उघडून परवानग्या चालू करा, आणि त्या पानावर सगळ्यात खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण आहे ते विसरू नका, वरची सगळी चालू आणि खालचं एकटं बंद अशी अवस्था कितीतरी लॅपटॉपवर बघितलीये. मॅकवालेही हे वाचत असतील तर त्यांच्याकडे २०१८ च्या मोहावी या मॅकओएस आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला माईकची वेगळी परवानगी लागते, आणि परवानगी दिल्यावर अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडावं लागतं, नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

म्यूट तर इतक्या ठिकाणी असतं की एकदा सगळी मोजून घ्या. वायरीवरचं बटण, कीबोर्डवरची माईकची की (बऱ्याच लॅपटॉपवर तिच्यावर लाल किंवा पिवळा दिवा लागतो), काही मॉडेल्सना कडेला सरकणारा प्रायव्हसी स्विच, विंडोजमधलं म्यूट आणि अ‍ॅपमधलं म्यूट. यातलं कुठलंही एक पुरेसं आहे आणि ती सगळी एकमेकांना सांगत नाहीत.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे, नखाच्या खरखरीनं मीटर हललं तर माईक, पिन, जॅक आणि ड्रायव्हर हे सगळं पास, तिकडे परत जायचं नाही. मीटर मेलेलं राहिलं तर रेघा, स्विच, वाय केबल, म्यूट आणि परवानगी, यातच काहीतरी आहे.

ड्रायव्हरबद्दल एक बोलतो, कारण तुमचा बराच वेळ त्यात गेलाय. त्याच जॅकमध्ये हेडफोन लावून गाणं ऐकू येतंय का? येत असेल तर साउंड चिपचा ड्रायव्हर जिवंत आहे. ड्रायव्हरचा संशय मी तेव्हाच घेतो जेव्हा एखाद्या अपडेटनंतर लगेच बिघडलंय, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतंय, किंवा इनपुटची यादी पूर्ण रिकामी आहे. तेव्हाही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्यायचा, कुठल्यातरी आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या प्रोग्रामचा नाही. तुमचा माईक नवीन आहे आणि आधी या लॅपटॉपवर कधी चाललाच नाही, म्हणजे "बिघडलं" असं म्हणायलाच जागा नाही, तो अजून जुळलाच नाहीये असं समजून शोधलं तर लवकर सापडतं.

मीटर हलतंय पण मीटिंगमध्ये आवाज नाही, हा पूर्णपणे वेगळा प्रॉब्लेम आणि बराच सोपा. मीटिंगच्या अ‍ॅपला स्वतःची माईकची निवड असते, विंडोजमध्ये काहीही असो, अ‍ॅपनं मागच्या वेळचा वेबकॅमचा माईक धरून ठेवलेला असतो. अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन नाव वाचून निवडा. विंडोजमध्येही डिफॉल्ट दोन प्रकारचे असतात, एक सगळ्यासाठी आणि एक कम्युनिकेशनसाठी, आणि कॉलची अ‍ॅप्स बऱ्याचदा दुसरा घेतात. ब्राउझरमधून मीटिंग असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये माईकचं चिन्ह असतं, तिथे त्या साइटला कधीकाळी नाही म्हटलेलं असेल तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि परत विचारत नाही. दुसरं एखादं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर ते माईक एकट्यासाठी धरून बसू शकतं, ते बंद करून बघा.

आणि एक बारकावा, तुमच्यासाठी महत्त्वाचा. तुम्ही म्हणताय की समोरच्यांना "काहीच" ऐकू जात नाही. लॅपटॉपनं कॉलर माईक ओळखलाच नसता आणि आतला वापरला असता तर निदान लांबून, खोलीतून बोलल्यासारखा आवाज गेला असता. पूर्ण शांतता म्हणजे एकतर कुठेतरी म्यूट आहे, किंवा अ‍ॅपनं ज्या इनपुटला धरलंय तिथे काहीच येत नाहीये, उदाहरणार्थ पिन घातल्यावर लॅपटॉप जॅककडे वळला पण जॅकमध्ये चुकीच्या ठिकाणी माईक आहे. म्हणून पिन काढा, मीटिंग चालू ठेवूनच, आणि बघा आतल्या माईकवरून आवाज जातोय का. गेला तर म्यूट, परवानगी, अ‍ॅप, नेट सगळं एका फटक्यात निर्दोष ठरलं, उरली फक्त पिन आणि जॅक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण निम्मा शोध संपवतं.

अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट कापणारी सोय, कधी आवाजही खातं हे माहीत असू द्या. शब्दांची सुरुवात तुटते, हळू बोललेलं गायब होतं, वाद्य वाजवलं तर ते गोंगाट समजून कापलं जातं. गाणं किंवा वाद्य शिकवणाऱ्यांनी ते बंद करावं किंवा ओरिजिनल साउंडसारखा पर्याय असेल तो चालू करावा. आणि नखाची टेस्ट मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये करू नका, खरखर हा गोंगाटच असल्यामुळे ते ती कापून टाकेल आणि तुम्हाला उगाच वाटेल माईक मेलाय.

तुमचा माईक कॉलर आहे, पण इतर कोणी वाचत असेल तर प्रकारानुसार उत्तर बदलतं. यूएसबी माईक असेल तर जॅक आणि पिनचा सगळा भाग विसरा, हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि केबल बदलून बघा, नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, माईकचा दिवा लागतो पण लॅपटॉपला तो दिसत नाही. ब्लूटूथ हेडसेट असेल तर तो एकाच वेळी फोनलाही जोडलेला आहे का बघा, आणि माईक चालू झाला की ऐकू येणारा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा झाला तर घाबरू नका, बहुतेक हेडसेट माईक वापरताना गाण्याचा मोड सोडून कॉलच्या मोडमध्ये जातात, तिथे सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) ८ किंवा १६ किलोहर्ट्झ एवढंच असतं. स्टुडिओचा कंडेन्सर असेल तर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागते, ऑडिओ इंटरफेसवर (माईक आणि लॅपटॉपच्या मधल्या डबीवर) तसं बटण असतं, ते दाबलं नसेल तर माईक मुकाच राहणार. हातात धरायच्या डायनॅमिक माईकला वीज लागत नाही पण त्याचा सिग्नल अगदी बारीक, काही मिलिव्होल्टचा, तो थेट लॅपटॉपच्या जॅकला लावून आवाज कमी येतोय ही तक्रार माईकची नाही, त्याला मधे गेन देणारं, म्हणजे सिग्नल वाढवणारं, काहीतरी हवं.

यातली सगळ्यात चकवणारी केस सांगतो, कारण ती माहीत नसेल तर माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. मोठ्या माईकच्या एक्सएलआर पिनेत तीन टोकं असतात, एक ग्राउंड, दोन नंबरला आवाज आणि तीन नंबरला तोच आवाज पण उलटा केलेला. ही सोय लांब वायरीत शिरणारा गोंगाट मारण्यासाठी आहे. आता असा माईक साध्या केबलीनं कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माईक इनपुटला लावला तर काही केबली दोन नंबर डाव्या चॅनेलला आणि तीन नंबर उजव्या चॅनेलला देतात. हेडफोनमध्ये आवाज येतो, जरा पोकळ वाटतो पण येतो, मीटर मस्त हलतं. आणि तोच व्हिडिओ एका स्पीकरच्या फोनवर लावला की बोलणं गायब, कारण फोन डावं-उजवं एकत्र करतो आणि सुलटा अधिक उलटा म्हणजे शून्य. रेकॉर्डिंग वाया गेलेलं नसतं, एडिटिंगमध्ये एकच चॅनेल ठेवून दुसरा उडवला की आवाज परत येतो. पुढच्या वेळी मात्र तीन नंबर ग्राउंडला जोडलेली केबल वापरा.

फोनच्या स्वतःच्या माईकचं कोणी विचारलं तर, फोनला एकापेक्षा जास्त माईक असतात. सहसा खालचा बोलण्यासाठी, वरचा किंवा मागचा गोंगाट कमी करायला आणि व्हिडिओसाठी. साध्या कॉलवर आवाज जात नाही पण व्हिडिओत येतो म्हणजे खालचं छिद्र बुजलंय किंवा तो एकटा माईक गेलाय. आधी कव्हर आणि स्क्रीन गार्ड काढून बघा. मऊ कोरड्या ब्रशनं बाहेरून झाडा, पण त्या छिद्रात सुई किंवा सिमची पिन घालू नका, आत लगेच माईकचा नाजूक पडदा असतो आणि धुळीनं बुजलेला माईक साफ होऊ शकतो, भोक पडलेला नाही. दाबाची हवाही मारू नका. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या मेनूत माईक पूर्ण बंद करायचं बटण आलंय, तेही बघून घ्या.

कॉलर माईक खरंच खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा कॅप्सूल जात नाही, वायर जाते, पिनच्या मुळाशी किंवा क्लिपच्या जवळ, जिथे ती रोज वाकते. मीटर बघत बघत वायर त्या दोन जागी हलकी वाकवा, आवाज येत-जात राहिला किंवा कडकड झाली तर दोष तिथेच. पिनच्या बाजूचा असेल तर पिन कापून नवी सोल्डर करता येते, आणि तेव्हाच तुम्हाला हवी ती, तीन किंवा चार भागांची, बसवून घ्या. वॉरंटीत असेल तर मात्र न कापता परत द्या.

तर आज एवढंच करा. नखाची टेस्ट मोबाइलवर, मग रेघा मोजा, मग पिन काढून मीटिंगमध्ये आतल्या माईकवर आवाज जातोय का बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यानंतरही अडलं तर इथे मला लिहा की पिनवर रेघा किती, लॅपटॉपला जॅक एक की दोन, वायरीवर डबी आहे का, आणि मीटर हललं की नाही. या चार उत्तरांवरून नेमकी कुठली केबल लागेल, किंवा लागणारच नाही, ते सांगतो.